पेटीभर जुनी नाणी: मोल कसं काढायचं आणि गोव्यात कुठे, कशी विकायची?

डिचोलीकर
नमस्कार मंडळी. घरातली जुनी नाणी एकगठ्ठा विकायची आहेत. एकूण वजन साडेनऊ किलोच्या आसपास. वरवर पाहता चांदीचे वाटणारे रुपये ८०. पोर्तुगीज काळातली लहानमोठी दीडेकशे, त्यात तांब्याची जास्त. बाकी इंग्रजी पाव आणे, भोकाचे पैसे, नंतरचे नये पैसे, अ‍ॅल्युमिनियमचे पाच-दहा-वीस पैसे. चार-पाच जाडजूड शिवरायाही (मराठेशाहीतले तांब्याचे पैसे) आहेत. काही रुपयांवर हळद-कुंकवाचे डाग आहेत, तांब्यावर हिरवा थर आहे.
एक सराफ म्हणतो, चांदीचे सगळे सरसकट सत्तर टंचाने (म्हणजे ७० टक्के शुद्ध धरून) घेतो, बाकीचं किलोवर. हणजूणच्या बुधवारच्या बाजारात बसणाऱ्या एकाने अख्ख्या पेटीचा एकच आकडा सांगितला. दोन्ही भाव बरोबर की चूक, हे कळायला काय करावं?

टंच_९१७
आधी काहीही धुवू नका आणि कोणालाही पेटीत हात घालू देऊ नका. अख्ख्या पेटीचा आकडा सांगणाऱ्याने आतली दहा-बारा नाणी हेरलेली असतात. तो पैसे त्यांचेच देतो, बाकी माल त्याला फुकटात पडतो. म्हणून निवड तुम्ही करायची, घेणाऱ्याने नव्हे.

सुरुवात लोहचुंबकापासून. चांदी चिकटत नाही, तांबं आणि तांबे-निकेलही नाही. शुद्ध निकेल चिकटतं. मागे वाघ असलेला १९४७चा इंग्रजी रुपया निकेलचा आहे, तसेच १९४६-४७चे वाघाचे अर्धे आणि पाव रुपये. १९५० आणि १९५४चे सिंहमुद्रेचे रुपयेही निकेल. तुमच्या ८०मधले काही इथेच गळतील.

उरलेल्यांचे वर्षाप्रमाणे ढीग करा. इंग्रजी रुपया १८३५पासून १९३९पर्यंत ११.६६ ग्रॅमचा, चांदी ९१.७ टक्के. १९४० ते १९४५ वजन तेच, पण चांदी ५० टक्के, बाकी तांबं, निकेल आणि जस्त. ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे कड. ९१.७ टंचाच्या रुपयाला साधे उभे दाते असतात. १९४०पासूनच्या रुपयाच्या कडेला मधोमध खाच आणि तिच्यात नक्षी असते.

प्रत्येक ढिगाचं वजन वेगळं करा. काटा ०.०१ ग्रॅमचा हवा, स्वयंपाकघरातला चालणार नाही. वजन गुणिले शुद्धता म्हणजे निव्वळ चांदी, आणि ती गुणिले त्या दिवशीचा ग्रॅमचा भाव म्हणजे तुमचा तळ. याच्या खाली जायचं नाही. सराफ वितळणावळ आणि घट म्हणून थोडं कापणार, ते रास्त आहे. पण किती कापणार ते वजनाआधी विचारा, नंतर नाही.

मांडवीतीर
गोव्याच्या नाण्यांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथले सराफसुद्धा यात गफलत करतात.

१८७८च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर गोव्याची नाणी ब्रिटिश हिंदुस्थानच्या मापाची झाली. १८८१ आणि १८८२चा पोर्तुगालच्या लुईश राजाचा रुपिया ११.६६ ग्रॅमचा, ९१.७ टंचाचा, म्हणजे बंद्या (इंग्रजी चांदीच्या) रुपयाच्या तोडीस तोड. कार्लुश राजाचा १९०३-०४चा आणि पोर्तुगीज प्रजासत्ताकानंतरचा १९१२चाही त्याच मापाचा. लुईशछाप पुष्कळ सापडतो. १९१२ त्या मानाने कमी, तो चांदीच्या भावात देऊ नका.

पुढे घोळ आहे. १९३५चा रुपिया १२ ग्रॅमचा आणि ९१.७ टंचाचा. १९४७चा रुपिया दिसायला तसाच आणि वजनही १२ ग्रॅम, पण चांदी ५० टक्के. १९५२चा रुपिया तांबे-निकेलचा, त्यात चांदी अजिबात नाही. तिन्हींवर ‘रुपिया’च लिहिलेलं, म्हणून तिन्ही एका भावात जातात. १९३६चा अर्धा रुपिया ६ ग्रॅमचा, ८३.५ टंचाचा. तो हटकून तांबे-निकेलच्या अर्ध्यांत मिसळलेला असतो. १९४७ आणि १९५२चे अर्धे, पाव आणि १९३४चे दोन तांगे आणि चार तांगे तांबे-निकेलचे.

तांब्यात १८८१, १८८४, १८८६चे पाव आणि अष्टमांश तांगे झिजलेले असतात, पण वर्ष वाचता आलं तर नगावर विकतात. १९०१-०३चे एक द्वादशांशपासून अर्ध्या तांग्यापर्यंतचे वेगळे काढा. हिशेब असा होता: १६ तांग्यांचा एक रुपिया, ६० रेइशचा एक तांगा.

शेवटची मालिका एस्कुदची, १९५८-५९पासूनची, ६ एस्कुद म्हणजे एक रुपिया. १० आणि ३० सेंताव ब्राँझचे, ६० सेंताव, १ आणि ३ एस्कुद तांबे-निकेलचे, आणि ६ एस्कुद फक्त १९५९चा. १० सेंताव पोत्याने मिळतात. पण सहाही मूल्यांचा चांगल्या अवस्थेतला संच जमला तर तो संच म्हणूनच विका. सुट्याने बेरीज कमी होते.

आणखी एक. करड्या रंगाची, ओबडधोबड, शिसं किंवा कथलासारखी दिसणारी वेडीवाकडी चकती सापडली तर भंगारात टाकू नका. जुन्या गोव्याची कथील-टुटेनागची (टुटेनाग म्हणजे जस्तासारखा धातू) बझारुकं, म्हणजे तेव्हाची किरकोळ नाणी, अशीच दिसतात. गोव्याची नाणी पूर्वी इथेच पाडली जात. पणजीत मुख्य टपाल कार्यालयासमोरची ‘काझ द मोएद’ ही १८३४ ते १८४१ टांकसाळ होती. त्या काळातली नाणी झिजली तरी भाव राखून असतात. ती लाकडी पेटीत किंवा पुठ्ठ्यात ठेवू नका, लाकडातल्या आंबट वाफेने शिशावर पांढरी भुकटी चढते आणि नाणं आतून खातं.

डिचोलीकर
चुंबक लावला. ८०पैकी ९ चिकटले, सगळे वाघाचे १९४७. उरलेल्या ७१ची वर्गवारी:
इंग्रजी, १९३९पर्यंतचे: ३८ नग, ४३८.५ ग्रॅम
जॉर्ज सहावा, १९४०-४५: २१ नग, २४३ ग्रॅम
लुईशछाप रुपिया: ७ नग, ८०.६ ग्रॅम
१९४७चा गोव्याचा रुपिया: ५ नग, ५९.६ ग्रॅम

टंच_९१७
आता बेरीज पाहा. ३८ची निव्वळ चांदी ४०२.१ ग्रॅम, २१ची १२१.५, लुईशची ७३.९, १९४७ची २९.८. एकूण ६२७.३ ग्रॅम. सराफाच्या सत्तर टंचाने ८२१.७ ग्रॅमचे होतात ५७५.२. म्हणजे बावन्न ग्रॅमच्या आसपास चांदी त्याच्याकडे फुकट जाते. तो लुबाडतोय असंच नाही, निवडायचे कष्ट वाचवायला त्याने सरासरी धरली. पण ती सरासरी तुमच्या बाजूची नाही.

वजनं ठीक आहेत. ३८ बंद्या रुपयांचं मूळ वजन ४४३ ग्रॅम व्हायला हवं, झीज एक टक्का. चलनात फिरलेल्या रुपयाची एवढी झीज होतेच. कुठलाही एकटा रुपया ११.३च्या खाली किंवा ११.७च्या वर आला तर बाजूला काढा.

संशयित नाण्याला पाण्याची परीक्षा: काट्यावर पाण्याचा पेला ठेवून शून्य करा, नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात लोंबकळत धरा, तळाला लागू देऊ नका. काट्यावर दिसेल तेवढं पाणी नाण्याने बाजूला सारलं. अस्सल ९१.७ टंचाच्या रुपयाला १.१३ ग्रॅमच्या आसपास येईल. जर्मन सिल्व्हरच्या (तांबे-निकेल-जस्ताच्या, चांदी नसलेल्या) नकलीला १.३च्या पुढे. नाण्याला बुडबुडे चिकटले तर आकडा फसवा येतो, आधी पाण्यात हलवून घ्या.

सराफाच्या टंच मशीनवर पूर्ण भिस्त ठेवू नका. ते वरचा थर वाचतं. १९४०नंतरच्या ५० टक्क्यांच्या नाण्यांचा वरचा थर मुद्दाम चांदीने भरघोस ठेवलेला असे, त्यामुळे झीज न झालेल्या नाण्यावर आकडा जास्त येतो. तो आकडा दाखवून घेणाऱ्याला गप्प करू नका, वितळल्यावर सगळं उघडं पडतं आणि पुढच्या वेळी तो तुमच्याशी बोलणार नाही.

राणीछाप
तळ निघाला, आता त्यावरचं. ३८ची वर्षं लिहून द्या, पण आधी हे वाचा.

१८६२ लिहिलेले राणीछाप बरेच असतील. त्यांना दुर्मीळ समजून उडी मारू नका. १८६२ हेच वर्ष १८७४पर्यंत पाडलेल्या रुपयांवर राहिलं. फरक पाठीमागच्या टिंबांत असतो आणि तो जाणकारालाच विकता येतो. १८७७पासून ‘क्वीन’च्या जागी ‘एम्प्रेस’ येतं. एडवर्डछाप १९०३ ते १९१०. जॉर्ज पाचवाचा १९११चा ‘डुकराचा रुपया’, म्हणजे राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसला म्हणून बदललेला, चांदीच्या भावापेक्षा वर जातो, पण लाखांच्या गोष्टी थापा आहेत.

१९२१, १९२२चे रुपये कमी पाडले गेले, ते वेगळे ठेवा. १९२२नंतर जॉर्ज पाचवाचा रुपया चलनासाठी पाडलाच नाही, पुढचा रुपया थेट १९३८चा जॉर्ज सहावाचा. त्यामुळे जॉर्ज पाचवाच्या चेहऱ्याचा १९२५ किंवा १९३० लिहिलेला रुपया दिसला तर तो खोटा. अर्धे, पाव मात्र त्या वर्षांचे आहेत, गोंधळ करू नका.

१९३९चा रुपया सगळ्यांना हवा असतो आणि बाजारात बनवलेलेच जास्त. १९३८च्या आठाचा नऊ करतात. भिंगाखाली नवाचा तळ आणि आजूबाजूची पृष्ठभूमी पाहा. खरवडलेली जागा शेजारच्या अंकांपेक्षा गुळगुळीत असते. १९४०च्या रुपयावरून केलेला असेल तर कडेची खाचच त्याला पकडून देते.

कडी लावलेले, भोक पाडलेले, माळेतून काढलेले, सराफाने छिन्नीचा ठसा मारलेले रुपये सरळ चांदीच्या ढिगात. डाग देऊन भोक बुजवलेलं नाणं तर त्याहून वाईट, गिऱ्हाइकाचा विश्वासच उडतो.

खुर्दावाला
सगळं बरोबर, पण साडेनऊ किलोत खरा वेळखाऊ माल हा चांदीचा नाही, उरलेला पावणेनऊ किलोचा खुर्दा आहे. त्याला नग न नग तपासणं परवडत नाही.

इंग्रजी ब्राँझचा पाव आणा ४.८६ ग्रॅमचा, किलोत दोनशे पाच-सहा बसतात. भंगाराच्या तांब्याच्या भावात देऊ नका, पण प्रत्येकाचं वर्ष लिहिणंही नको. वाचता येणारं वर्ष आणि वाचता न येणारं असे दोन ढीग करा, दुसरा किलोवर विका. भोकाचे पैसे, १९४३ ते १९४७, नेहमी विकले जातात, पण पैशांतच.

अ‍ॅल्युमिनियम: १ पैसा ०.७५ ग्रॅम, २ पैसे १, ३ पैसे १.२५, ५ पैसे १.५, १० पैसे २.३, २० पैसे २.२. मोजण्यापेक्षा वजनाने मोजा, १० पैशांच्या एका किलोत चारशे पस्तीसच्या आसपास. पांढरी भुकटी चढलेले बाद. कमळाचे पितळी वीस पैसे, १९६८ ते ७१, सोन्याचे नाहीत, अ‍ॅल्युमिनियम-ब्राँझचे आहेत. पण एकेक विकले जातात.

५० पैसे आणि त्यावरची नाणी अजून चलनात आहेत. २५ पैसे आणि खालची ३० जून २०११पासून चलनातून गेली. स्टीलचे, नेहमीचे एक-दोन-पाच रुपये लॉटमध्ये घालून वजन वाढवू नका. दुकानात खर्च करा. आणि चांदीचे १० रुपये मिसळलेत का पाहा: १९६९-७०चे १५ ग्रॅमचे, ८० टंचाचे, १९७२चे २२.५ ग्रॅमचे, ५० टंचाचे.

शिवराया: मधली आडवी रेघ आणि त्यावर-खाली अक्षरं, म्हणजे दुदांडी. ती उशिराची, पेशवाईच्या अखेरची आणि नंतरची. ‘शिवाजी महाराजांच्या काळची’ म्हणून विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपती’ वाचता येणारी असेल तर तिचं वेगळं मोल आहे, तिचे फोटो आधी टाका.

राणीछाप
खुर्दावाला, एक हरकत. वर्ष न पाहता किलोवर दिलेल्या ढिगातून टांकसाळीच्या खुणा वाया जातात. नंतरच्या भारतीय नाण्यांत मुंबईची खूण चौकट, हैदराबादची चांदणी, कलकत्त्याची काहीच नाही, नोएडाचं टिंब. काही वर्षी एखाद्या टांकसाळीने फारच थोडी पाडली.

खुर्दावाला
मान्य, पण फिरून गुळगुळीत झालेल्या १० पैशाच्या दुर्मीळ खुणेलाही फार देत नाही कोणी. न वापरलेली कोरी नाणी असतील तर तुमचं म्हणणं सोळा आणे. तासाला किती नाणी पाहून होतात आणि त्यातून किती निघतं याचा हिशेब मांडा. माझ्या मते हजारांत दोन-चार नगांसाठी तीन रविवार घालवण्यापेक्षा भिंग चांदी आणि गोव्याच्या ढिगावर फिरवावं.

मांडवीतीर
धुण्याबद्दल राहिलं. हळद-कुंकू तेलात मिसळून बसलेलं असतं. शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये, काचेच्या वाटीत, बाहेर हवेशीर जागी, दिव्या-उदबत्तीपासून दूर, अर्धा तास बुडवा. मग ऊर्ध्वपातित पाण्याने धुवा आणि मऊ कापडावर टेकवून वाळवा, पुसू नका. नखपॉलिश काढायच्या बाटलीतलं चालणार नाही, त्यात सुगंध आणि तेल असतं. कुंकवाची लाली राहिली तर राहू द्या. चिंच, राख, पितांबरी, लिंबू, मीठ, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावलं की काळसर मूळ रंग जातो, ओरखडे उमटतात आणि ‘घासलेलं’ म्हणून व्हीएफचं (‘व्हेरी फाइन’, म्हणजे चांगल्या श्रेणीचं) नाणं चांदीच्या भावात येतं.

तांब्यावरचा कोरडा, घट्ट हिरवा थर नाण्याचाच भाग समजा. भुकटीसारखा सुटणारा, चमकता हिरवा असेल तर तो खातोय. असली नाणी वेगळ्या डब्यात ठेवा. आपल्याकडे पावसाळ्यात हवाच इतकी ओली आणि खारट की झाकण घट्ट असलेल्या डब्यात सिलिका जेलची पुडी हवी, ती गुलाबी झाली की भाजून परत. पारदर्शक मऊ प्लास्टिकचे अल्बम टाळा. वर्षभरात त्यातून चिकट हिरवं पाझरतं.

कायदेकानू
गोव्यात पर्यटक गिऱ्हाईक सहज मिळतं, म्हणून हे नीट वाचा. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२च्या पुरावस्तू कायद्यात पुरावस्तू ठरतं आणि ते खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे लुईश, कार्लुश, १९१२, राणीछाप, एडवर्डछाप परदेशी पाहुण्याला ‘आठवण’ म्हणून विकू नका. १९५८-५९चे एस्कुद त्या रेषेच्या आत येत नाहीत, आणि पोर्तुगालमधले संग्राहक खरं तर तेच शोधतात. पुरावस्तूंचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो. घरची वारशाची नाणी एकदा विकणं वेगळं आणि दर शुक्रवारी म्हापशाला मांडून बसणं वेगळं.

जमिनीत, भिंतीत पुरलेली सापडलेली असतील तर तो १८७८च्या गुप्तधन कायद्याचा विषय, जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. चलनातली नाणी वितळवणं २०११च्या नाणे कायद्याने गुन्हा आहे. एका व्यवहारात २ लाख किंवा जास्त रोख घेऊ नका, बँकेतून घ्या, पावती घ्या.

टंच_९१७
आणि फसवणूक. वैष्णोदेवीचं पाच-दहा रुपयांचं नाणं लाखाला जातं, ७८६ची नोट, असली जाहिरात पाहून फोन केलात की आधी ‘नोंदणी’, मग ‘कमिशन’, मग ‘कर’ मागतात. रिझर्व्ह बँकेच्या नावाने पत्रं दाखवतात. बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये जाहीर सांगितलंय की अशा व्यवहारात आम्ही नाही आणि कोणाला अधिकारही दिलेला नाही. रामदरबार, हनुमान, ‘१८१८ ईस्ट इंडिया कंपनी’ असं लिहिलेले जाड टोकन कंपनीने कधीच पाडले नाहीत. तांदूळ ओढणारं नाणं म्हणून जे काही सांगतात तो तर उघड गुन्हेगारीचा धंदा. विकणाऱ्याने पैसे भरायचे नसतात, एवढं लक्षात ठेवा.

डिचोलीकर
बाब, खूप आभार. १८९७चा एक आणि १९११चे दोन सापडले, १९३९ नाही. गोव्याच्या ढिगात १९३६चे अर्धे रुपिये २, ६ एस्कुद ३. हे कसं विकू?

राणीछाप
तीन वाटा करा. पहिली वाट लिलावघर. १९११, १९१२ वगैरे असतील ते, १९३६चे अर्धे, वाचता येणारी शिवराई आणि एस्कुदचा चांगला संच मुंबई-पुण्याच्या लिलावघराकडे पाठवा. विक्रेत्याकडून किती कमिशन, न विकलं तर परतीचा खर्च कोणाचा, पैसे किती दिवसांत, हे आधी लेखी घ्या. विमा उतरवून पाठवा आणि नाणी खुळखुळणार नाहीत अशी प्रत्येक नाणं कागदी फ्लिपमध्ये, मध्ये पुठ्ठा घालून भरा. डब्यात सुटी टाकलेली नाणी वाटेतच एकमेकांना घासून एक श्रेणी खाली येतात.

दुसरी, लुईशछाप, गोव्याचे १९४७चे, वेगळ्या वर्षांचे बंदे रुपये: संग्राहकांना नगावर, चांदीच्या भावावर थोडं चढवून. नाणेप्रदर्शनात चार टेबलं फिरून भाव विचारा, पहिल्या टेबलावर विकू नका. तिसरी, उरलेले ५० टंचाचे आणि कडीचे सराफाला. तेही दोन सराफांकडून, ढिगाप्रमाणे वेगवेगळा भाव मागून.

फोटो पांढऱ्या कागदावर, फ्लॅश बंद, खिडकीच्या उजेडात तिरक्या बाजूने. दोन्ही बाजू, शिवाय कड. एका फोटोत चाळीस नाणी पसरून टाकलीत तर फक्त किलोवाले फोन करतील.

खुर्दावाला
खुर्द्यासाठी १०० नगांचे मिश्र पुडे करा: २० भोकाचे, ३० पाव आणे, २० गोव्याचे झिजलेले तांबे, ३० नये पैसे. नवे संग्राहक आणि शाळकरी मुलं पुडा घेतात, किलो घेत नाहीत. पुड्यावर ‘झिजलेली’ स्पष्ट लिहा, म्हणजे परत येत नाही. वाघाचे ९ निकेलचे रुपये यात टाकू नका, ते नगावर जातात.

डिचोलीकर
लुईशछापमधल्या एकाला पाण्यात १.३१ आलं, वजन ११.४. इतर सहा १.११ ते १.१३.

टंच_९१७
११.४ भागिले १.३१ म्हणजे ८.७. तो चांदीचा नाही, ओतीव नक्कल दिसते. भिंगाखाली कड पाहा, सांध्याची बारीक रेघ किंवा अक्षरांजवळ सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतील. त्याला बाजूला ठेवा आणि लुईशचं वजन, चांदी दोन्ही ६ नगांची पुन्हा मांडा: ६९.२ ग्रॅम, निव्वळ ६३.५. एकूण ६१६.९.